कच्चं बिल, पक्कं घर

घराचं काम काढलं की पहिला कागद निघतो तो कंत्राटदाराच्या खिशातल्या डायरीतला. त्यावर बॉलपेनने चार ओळी: बाथरूम दोन, विथ मटेरियल. किचन ओटा. पूर्ण घर कलर. टोटल ५,५०,०००. सही नाही, तारीख नाही. ‘बाकीचं काय ते बसून करू’ असं म्हणून दोन लाख रुपये रोख हातात पडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या टाइल्सवर हातोडा बसतो.

तीन महिन्यांनी हीच माणसं त्याच ओट्यापाशी उभी राहून वाद घालत असतात. कलरमध्ये लांबी भरणं धरलं होतं की नव्हतं? तोडलेल्या टाइल्सचं राबिट चौथ्या मजल्यावरून कोणी उतरवायचं होतं? नळ कोणत्या कंपनीचे बसवायचे ठरले होते? दरावरून भांडण क्वचितच होतं. दर दोघांनाही पाठ असतो. भांडण होतं ते त्या चार ओळींत जे लिहिलंच नव्हतं त्यावरून. आणि ते उघडकीला येतं शेवटच्या बिलात. म्हणून या प्रकरणात कंत्राट आणि बिल यांचा विचार एकत्र केला आहे. बिलातली प्रत्येक ओळ कंत्राटातल्या एखाद्या ओळीकडे बोट दाखवू शकली पाहिजे, एवढं एक सूत्र धरलं तरी निम्मे तंटे टळतात.

आपल्याकडे कायदा कोणता?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात घरदुरुस्तीच्या कंत्राटासाठी स्वतंत्र नियम आहेत. तिथे कंत्राटदाराला परवाना लागतो. कंत्राटाच्या रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली जी रक्कम कमी असेल तिच्यापेक्षा जास्त अॅडव्हान्स सर्वसाधारणपणे घेता येत नाही. त्यानंतरचे हप्तेही झालेल्या कामाच्या आणि आलेल्या मालाच्या पुढे पळू शकत नाहीत.

महाराष्ट्रात असा कायदा नाही. वायरिंग करणाऱ्याला विद्युत ठेकेदाराचा परवाना लागतो. पण तुमचं अख्खं बाथरूम उखडणाऱ्या माणसाला कोणताही परवाना लागत नाही आणि त्याच्या अॅडव्हान्सवर कोणतीही मर्यादा नाही. इथे कामाला येतात ते सर्वसाधारण कायदे: भारतीय करार अधिनियम, १८७२, वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटीचा २०१७चा कायदा, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९. यांतला एकही खास घरदुरुस्तीसाठी लिहिलेला नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियातला कायदा ग्राहकासाठी जे आपणहून करतो, ते आपल्याकडे दोन पानी कंत्राटाला करावं लागतं.

करार लेखीच हवा असं १८७२चा कायदा म्हणत नाही. दहाव्या कलमातल्या अटी पुऱ्या झाल्या की तोंडी करारही करारच असतो. डायरीचं ते पानही अगदीच निरर्थक नाही. अडचण वैधतेची नसून पुराव्याची आहे. काम किती दिवसांत संपवायचं हे ठरवलं नसेल, तर ४६वं कलम म्हणतं की ‘वाजवी मुदतीत’. दोन बाथरूमसाठी वाजवी मुदत किती, यावर तुमचं आणि कंत्राटदाराचं एकमत होणं कठीण. म्हणून तारीख लिहायची.

मग स्टँप पेपर? महाराष्ट्रात करारनाम्यासाठी वापरला जाणारा १०० रुपयांचा स्टँप ऑक्टोबर २०२४पासून ५०० रुपयांचा झाला. मुद्रांक न लावल्याने करार रद्द होत नाही. मात्र शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो कागद पुराव्यात घेतला जात नाही. मोठ्या कामात तो खर्च करावा. पण स्टँपवर पुन्हा त्याच चार ओळी उतरवल्या, तर ५०० रुपये फुकट गेले असं समजावं.

दराआधी माप

घरकामाची कंत्राटं तीन प्रकारची असतात. ‘लमसम’ म्हणजे ठरलेल्या कामाचे ठरलेले पैसे. ‘आयटम रेट’ म्हणजे प्रत्येक कामाचा दर ठरवायचा आणि प्रत्यक्ष मापाप्रमाणे पैसे द्यायचे. आणि ‘लेबर रेट’ म्हणजे माल तुमचा, हात त्याचे. लमसममध्ये माप वाढलं तर कंत्राटदाराचं नुकसान, म्हणून तो मालाचा दर्जा उतरवण्याची भीती असते. आयटम रेटमध्ये माप वाढलं तर तुमचं नुकसान, म्हणून टेप कोण धरतो याला महत्त्व येतं. लेबर रेटमध्ये टाइल्स, पाइप, रसायनं यांची बिलं आणि वॉरंटी तुमच्या नावावर राहतात. पण वाया गेलेल्या मालाचा भुर्दंडही तुमच्यावरच. त्यामुळे टाइल्सचं वेस्टेज किती टक्क्यांपर्यंत चालेल, हे लिहून ठेवावं.

आपल्याकडे ओटा रनिंग फुटाने, टाइल्स आणि रंग चौरस फुटाने, रेती ब्रासने मोजतात. एकक लिहिलं म्हणजे माप ठरलं असं मात्र नाही. एक खोली घ्या: १० बाय १२, उंची १० फूट. चार भिंतींचं क्षेत्रफळ झालं ४४० चौरस फूट. तिच्यात ३ बाय ७चं एक दार आणि ४ बाय ४ची एक खिडकी. ही ३७ चौरस फुटांची मोकळी जागा रंगाच्या बिलातून वजा होणार की नाही? चौरस फुटाला ३० रुपये दर असेल, तर एका खोलीत १,११० रुपयांचा फरक पडतो.

भारतीय मानक ब्युरोच्या ‘आयएस १२००’ या मोजमापाच्या मानकात गिलाव्यासाठी यावर उत्तर दिलेलं आहे. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची मोकळी जागा वजा करायची नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरची असेल तर ती भिंतीच्या एकाच बाजूने वजा करायची. दुसऱ्या बाजूची वजावट सोडून द्यायची, कारण दाराखिडकीच्या कडांचं काम वेगळं मोजलं जात नाही. तीन चौरस मीटरच्या वर मात्र दोन्ही बाजूंनी वजावट, आणि कडांचं काम वेगळं धरायचं. आपलं ३ बाय ७चं दार जेमतेम दोन चौरस मीटर भरतं, म्हणजे ते मधल्या गटात. दोन खोल्यांमधलं दार एकदाच वजा होणार. रंगारी म्हणेल, ‘आम्ही दार धरत नाही, पूर्ण भिंत धरतो.’ तेही चालेल. फक्त ते काम सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. कंत्राटात ‘मोजमाप आयएस १२००प्रमाणे’ हे तीन शब्द लिहिले तरी पुरतं.

त्याच कागदावर दर्जाही यायला हवा. ‘चांगल्या कंपनीचे नळ’ याला अर्थ नाही. कंपनी आणि मॉडेल लिहावं. ‘बाथरूम वॉटरप्रूफिंग’ याऐवजी जुना कोबा काढणार की नाही, रसायनाचे थर किती, भिंतीवर किती फुटांपर्यंत, नहाणी ट्रॅप नवा की जुनाच, हे लिहावं. राबिट कोण उचलणार आणि कुठे टाकणार, पाणी आणि वीज कोणाची, सोसायटीची परवानगी आणि डिपॉझिट कोणी बघायचं, याला तीन ओळी पुरतात. बीम, कॉलम, स्लॅब यांना हात लागणार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि महापालिकेची परवानगी यांच्याशिवाय कोणताही करार तुम्हाला वाचवू शकत नाही.

पैसे कामाच्या मागून

‘पन्नास टक्के अॅडव्हान्स, बाकी काम चालू असताना’ ही अट घरमालकाला सर्वांत महाग पडते, कारण ‘चालू असताना’ म्हणजे केव्हा, हे कंत्राटदार ठरवतो. हप्ता तारखेला बांधू नये, टप्प्याला बांधावा. अॅडव्हान्स पहिल्या मालापुरता. दुसरा हप्ता तोडफोड आणि भिंतीतले पाइप पूर्ण झाल्यावर. तिसरा वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून खालच्या घरात ओल उतरत नाही हे पाहिल्यावर. त्यानंतर टाइल्स, मग रंग. पाइप आणि वॉटरप्रूफिंग या दोन टप्प्यांवर जास्त लक्ष द्यावं, कारण टाइल बसली की आतलं काम कायमचं झाकलं जातं. ते झाकायच्या आधी काढलेला फोटो कंत्राटाइतकाच मोलाचा.

सरकारी बांधकामात बिलाची थोडी रक्कम राखून ठेवायची (‘रिटेन्शन’) आणि दोष-दायित्वाची मुदत संपल्यावर सोडायची, अशी रूढ पद्धत आहे. घरकामातही पाच टक्के एका पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायला हरकत नाही. मात्र ते आधी ठरलेलं हवं. शेवटच्या दिवशी अचानक पैसे अडवून धरणं याला रिटेन्शन म्हणत नाहीत. कंत्राटदाराच्या मजुरांचा पगार त्या पैशांतून व्हायचा असतो, हे विसरू नये. केलेल्या कामाच्या पैशांसाठी, ते केव्हा द्यायचे हे ठरलं नसेल तर, काम झाल्यापासून तीन वर्षांच्या आत त्याला दावा लावता येतो.

आता सुरुवातीच्या त्या दोन लाखांकडे वळू. २०१७पासून आयकर कायद्यात नियम आहे: एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी सगळं मिळून, २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारता येत नाही. वीस-वीस हजारांचे दहा हप्ते केले तरी व्यवहार एकच राहतो. दंड रोख रक्कम घेणाऱ्याला होतो, आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. म्हणजे काम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळीच आपल्या गोष्टीतल्या कंत्राटदाराने स्वतःला अडचणीत टाकलं होतं, आणि घरमालकाजवळ दोन लाख दिल्याचा कागदही नव्हता.

जीएसटी नोंदणी असलेल्या कंत्राटदाराने अॅडव्हान्स घेतला, तर त्याने रिसीट व्हाउचर देणं कायद्याने बंधनकारक आहे. काम झालंच नाही आणि पैसे परत केले, तर रिफंड व्हाउचर. नोंदणी नसलेल्याकडूनही साधी सही-तारखेची पावती घ्यावी.

‘एवढं एक करून टाका’

काम सुरू झालं की घरात नव्या कल्पना सुचू लागतात. इथे एक प्लग पॉइंट, तिथे एक लॉफ्ट, जाता जाता बाल्कनीलाही टाइल्स. घरमालकाला वाटतं, हे ‘त्यातच’ आलं. कंत्राटदार मनातल्या मनात ‘एक्स्ट्रा’ची यादी वाढवत असतो. शेवटच्या बिलात ती यादी एकदम बाहेर येते.

‘मी लेखी सांगितलंच नव्हतं’ हा बचाव इथे फार टिकत नाही. करार अधिनियमाचं ७०वं कलम सांगतं, की एखाद्याने फुकट करण्याचा इरादा नसताना कायदेशीरपणे तुमच्यासाठी काही केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. १९६१मध्ये निकाल लागलेल्या पश्चिम बंगाल सरकार आणि बी. के. मंडल अँड सन्स या खटल्यात सरकारने असाच पवित्रा घेतला होता: विधिवत करार झालेला नाही, म्हणून पैसे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. सरकारने बांधकामं वापरली होती. पैसे द्यावे लागले. घरातल्या लॉफ्टवर रोज बॅगा ठेवणाऱ्याला यातून बोध घेता येईल.

उपाय सोपा आहे. जादा काम सुरू होण्याआधी व्हॉट्सअॅपवर एक ओळ: काम कोणतं, माप किती, दर किती, मुदत किती दिवसांनी वाढणार, आणि दुसऱ्याचं ‘हो’. अशा संदेशांनी झालेला करार माहिती तंत्रज्ञान कायदा मान्य करतो, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार प्रमाणपत्र जोडून ते न्यायालयात पुरावा म्हणून मांडता येतात. फोनवरच्या ‘करून टाका’चा काहीच माग राहत नाही.

अठरा टक्के: खरे किती?

‘बिल पाहिजे असेल तर अठरा टक्के वर’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरमालकाने ऐकलेलं असतं. त्याची उकल करण्याआधी थोडा इतिहास पाहू.

मालासकट काम करणारा कंत्राटदार टाइल विकतो की श्रम, हा प्रश्न भारतीय करपद्धतीला अनेक दशकं छळत होता. १९५८मध्ये गॅनन डंकर्ली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बांधकामाचं कंत्राट अखंड असतं. त्यातला माल वेगळा काढून राज्यांना त्यावर विक्रीकर लावता येणार नाही. मग १९८२मध्ये ४६वी घटनादुरुस्ती करून राज्यांना तो अधिकार देण्यात आला. पुढे एकाच कामावर मालासाठी व्हॅट आणि श्रमासाठी सेवाकर, असा दुहेरी हिशेब सुरू झाला. जीएसटीने १ जुलै २०१७पासून तो मिटवला. स्थावर मालमत्तेची सुधारणा, दुरुस्ती, नूतनीकरण मालासकट केलं तर ते ‘वर्क्स काँट्रॅक्ट’, आणि ते संपूर्णपणे सेवा समजलं जातं. घराच्या अशा कामावर दर १८ टक्के. घर महाराष्ट्रात आणि कंत्राटदारही इथलाच असेल, तर ९ टक्के केंद्राचे आणि ९ टक्के राज्याचे.

आता हिशेब मांडू. समजा, माल ३ लाखांचा, त्यावर दुकानदाराने लावलेला १८ टक्के जीएसटी ५४,००० रुपये. मजुरी आणि नफा मिळून २ लाख. नोंदणी नसलेल्या कंत्राटदाराचा खर्च आणि नफा धरून आकडा होतो ५,५४,०००. मालावरचा कर त्यात दडलेला आहेच. नोंदणीकृत कंत्राटदार ते ५४,००० रुपये इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळवतो. म्हणून त्याचा कराआधीचा आकडा ५ लाख, त्यावर १८ टक्के, म्हणजे एकूण ५,९०,०००. दोघांतला फरक ३६,००० रुपयांचा, म्हणजे फक्त मजुरी आणि नफ्यावरच्या कराचा.

नोंदणीकृत कंत्राटदार मात्र तुम्हाला ५,५४,०००चा आकडा सांगून ‘त्यावर अठरा टक्के’ म्हणत असेल, तर बिल होतं ६,५३,७२०. म्हणजे मालावरचा कर तो सरकारकडूनही वळता करून घेतोय आणि तुमच्याकडूनही वसूल करतोय, वर त्या करावरही कर लावतोय. अशा वेळी ‘बिल नको’ म्हणण्यात शहाणपण नाही. ‘तुमचा दर क्रेडिट वजा करून सांगा’ असं म्हणावं.

दुसरा गैरसमज असा, की जीएसटी नसलेलं बिल म्हणजे कच्चं बिल. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल महाराष्ट्रात २० लाखांपर्यंत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. असा छोटा कंत्राटदार जीएसटी लावूच शकत नाही. नोंदणीविना कर वसूल करणंच बेकायदा आहे. ५० लाखांपर्यंत उलाढाल असलेला सेवा पुरवठादार कंपोझिशन योजनेत असेल, तर तो ६ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतो, ग्राहकाकडून वेगळा घेऊ शकत नाही आणि ‘बिल ऑफ सप्लाय’ देतो. म्हणून पक्कं बिल याचा अर्थ क्रमांक, तारीख, दोघांची नावं-पत्ते, कामाचं वर्णन, माप, दर, रक्कम आणि सही असलेलं बिल. नोंदणीकृत कंत्राटदाराच्या बिलावर याखेरीज जीएसटी क्रमांक, सेवेचा कोड, करपात्र रक्कम आणि कराचे दोन्ही भाग वेगळे दिसले पाहिजेत. आणि सेवा दिल्यापासून ३० दिवसांच्या आत ते दिलं पाहिजे. क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो. महाराष्ट्राचा २७ने आणि गोव्याचा ३०ने सुरू होतो. पुढचे दहा म्हणजे त्याचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे मिनिटभरात कळतं.

पक्क्या बिलाचा उपयोग पुढेही होतो. घर विकताना भांडवली नफा मोजतात तेव्हा, घरात केलेली खरीखुरी भर, उदाहरणार्थ वाढवलेली खोली, सुधारणा-खर्च म्हणून वजा मागता येते. साधा रंग त्यात बसत नाही. पण जे बसतं त्यालाही बिल लागतंच.

बिघडलंच तर

नव्या फ्लॅटमध्ये राहायला जाणारे अनेक जण ‘रेरात पाच वर्षांची हमी आहे’ या भरवशावर असतात. ती हमी बिल्डरने दिलेल्या बांधकामाची आहे. तुम्ही नेमलेल्या कंत्राटदाराला ती लागू होत नाही. उलट तुम्ही बाथरूम तोडून नवं केलं आणि गळती सुरू झाली, तर बिल्डर तुमच्याच कामाकडे बोट दाखवणार. कंत्राटदाराची हमी हवी असेल, तर किती महिने, कशाची आणि तक्रारीनंतर किती दिवसांत दुरुस्ती, हे कंत्राटातच असायला हवं. उशिराचा दंड ठरवतानाही हात आवरावा. करार अधिनियमाच्या ७४व्या कलमानुसार न्यायालय वाजवी तेवढीच भरपाई देतं. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. ‘दिवसाला दहा हजार’ लिहिल्याने तेवढे मिळतील असं नाही.

बोलून मिटलं नाही, तर ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, ५ ते १० लाखांत २०० रुपये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. बिल किंवा पावती न देणं हीच २०१९च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. पण त्याच कायद्याने आणखी एक बदल केला आहे. तक्रार कोणत्या आयोगाकडे जाणार हे आता तुम्ही प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर ठरतं; जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची. मोबदला दिल्याचा कागदच नसेल, तर पहिल्या पायरीवरच अडायला होतं. अठरा टक्के वाचवण्यासाठी ‘बिल नको’ म्हणणारा घरमालक नकळत हा दरवाजा स्वतःच लावून घेतो.

म्हणून काम सुरू व्हायच्या आधीची एक संध्याकाळ राखून ठेवा. कंत्राटदाराबरोबर टेप घेऊन खोलीखोलीत फिरा, मापं दोघांनी लिहा, त्याखाली दोघांनी सही करा. डायरीचं पान चाललं तरी हरकत नाही. त्यावर चारच ओळी नसाव्यात, एवढंच. भिंत पाडल्यावर तिचं माप घेता येत नाही.